चार मीटरांचे अंथरूण

दिल्लीतील जुन्या सरकारी वसाहतींचा आराखडा ज्या काळी झाला, त्या काळी कारकुनाच्या दाराशी फार तर एखादी सायकल उभी राहील, अशी आखणाऱ्यांची समजूत असावी. पुढे सायकलीच्या जागी स्कूटर आली आणि स्कूटरच्या जागी लहान मोटार. इथवर गल्ल्यांनी कसेबसे निभावून नेले. अलीकडे मात्र त्यांचे निभेनासे झाले आहे. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी आपली जुनी मोटार विकून त्याच नावाची नवी मोटार आणली. कुंपणाची भिंत आणि कडुनिंबाचे झाड यांच्यामध्ये जुनी गाडी नेमकी मावत असे. नवी तेथे उभी राहते. पण मग एका बाजूचे दार उघडत नाही. गृहस्थ चकित होऊन म्हणाले, "नाव तेच, आणि कागदोपत्री ही अजून लहान गाडीच आहे!"

'कागदोपत्री लहान' हे त्यांचे शब्द आमच्या मनात घोळत राहिले. कागदावर लहान असलेली वस्तू प्रत्यक्षात मोठी होत जाते, हा प्रकार कचेरीत आयुष्य काढणाऱ्यांस अपरिचित नाही. परंतु मोटारीच्या बाबतीत तो घडला कसा, याचा शोध घेताना जो इतिहास हाती लागला, तो आमच्यासारख्याच परमुलखात चाकरी करणाऱ्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. कारण या इतिहासाची निम्मी पाने दिल्लीच्या अर्थखात्यात लिहिली गेली आणि उरलेली बहुतेक शेजारच्या गुडगावात.

हा रोग केवळ आपल्याकडचा नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. १९५९ साली इंग्लंडात ॲलेक इसिगोनिस यांनी घडविलेली 'मिनी' सुमारे ३.०५ मीटर लांब होती. लहानपणा हेच तिचे ब्रीद होते. २००१ साली त्याच नावाने जी मोटार नव्याने अवतरली, तिची लांबी ३.६३ मीटर होती. जर्मनीतील फोल्क्सवागन कंपनीची 'गोल्फ' १९७४ साली ३.७० मीटर होती. २०१९ साली जाहीर झालेली तिची आठवी पिढी ४.२८ मीटर भरते. गोल्फची धाकटी बहीण म्हणून १९७५ साली आलेली 'पोलो' २०१७ साली ४.०५ मीटर झाली. म्हणजे धाकटी बहीण थोरलीच्या जन्मकाळच्या मापालाही मागे टाकून गेली!

याची कारणे शोधू गेल्यास पहिले सापडते ते गिऱ्हाईक. मोटार घेणारा मनुष्य सात-आठ वर्षांनी पुन्हा दुकानाची पायरी चढतो, तेव्हा तो पूर्वीचा राहिलेला नसतो. मुले उंच झालेली असतात, पगार वाढलेला असतो, आईवडील गावाहून राहावयास आलेले असतात. नाव ओळखीचे, विश्वासाचे. पण जागा थोडी अधिक हवी. कारखानदार त्याची ही इच्छा जाणून असतो. दुसरे कारण कारखान्याच्या हिशोबात आहे. मोटार लहान असो वा मोठी, तिला एंजिन एकच लागते, चाके चारच लागतात, सुकाणू, दिवे, गिअरची पेटी ही सारी लागतातच. साचे आणि आराखडे यांवरील खर्चही फारसा कमी होत नाही. चार बोटे पत्रा वाढविण्यास त्या मानाने थोडाच पैसा लागतो. आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतो तो नेमका तो वाढलेला पत्रा. म्हणून मोठेपणा स्वस्तात करता येतो आणि महागात विकता येतो. तिसरे कारण स्पर्धा. शेजारच्या कारखान्याने मागच्या आसनावर दोन इंच जागा वाढविली, तर आपली तेवढीच ठेवण्याचे धैर्य कोणी करीत नाही.

या तीन कारणांनी जगभरच्या मोटारी वाढल्या. परंतु आपल्या देशात फार मोठा काळ असा गेला की त्या मुळीच वाढल्या नाहीत. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास तयार होणारी ॲम्बॅसडर पन्नासाव्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बाह्यांगाने जवळजवळ तीच राहिली. मुंबईत कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने १९६४ साली फियाटचा जो नमुना आणला, तो पुढे 'पद्मिनी' हे नाव धारण करून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत धावला. परवाने मोजके, कारखाने मोजके आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक दाराशी तिष्ठत उभे. अशा स्थितीत नवा साचा घडविण्याची गरज कोणास भासणार? ही फियाट ३.९३ मीटर लांब होती आणि तिचे एंजिन १०८९ सीसीचे होते. चार माणसांचे कुटुंब, वर सामान, एवढे घेऊन ती पुण्याचा घाट चढत असे आणि तिला कोणी लहान म्हणत नसे. हे दोन आकडे वाचकांनी स्मरणात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी मोटार असावी, ही इच्छा मात्र जुनीच. १९६० साली एल. के. झा यांच्या समितीने स्वस्त मोटारीचा पुरस्कार केला होता. आपल्या इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाच्या लहान मोटारीसाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. पण तिचे नमुने झाले, कारखाना झाला नाही. १९७१ साली संजय गांधी यांनी गुडगावात मारुती कंपनी काढली, तीही ठरल्याप्रमाणे मोटारी देऊ शकली नाही आणि काही वर्षांत गुंडाळली गेली. अखेर फेब्रुवारी १९८१ मध्ये 'मारुती उद्योग' ही सरकारी कंपनी स्थापन झाली, ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या 'मारुती ८००'ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती पडली.

ही ८०० इतकी लहान का होती? त्याचे उत्तर जपानच्या कायद्यात आहे. जपानी सरकारने 'केई' म्हणजे हलक्या मोटारींचा एक वर्ग करून त्याला कर इत्यादींत सवलती दिल्या होत्या. १९५५ च्या सुमारास या वर्गाची मर्यादा ३ मीटर लांबी, १.३० मीटर रुंदी आणि ३६० सीसीचे एंजिन अशी होती. १९७६ साली ती ३.२० मीटर, १.४० मीटर आणि ५५० सीसी झाली. गुडगावात जे शरीर आले ते या दुसऱ्या पट्टीने बेतलेले. केवळ त्यात एंजिन ७९६ सीसीचे बसविले होते. म्हणजे भारताच्या पहिल्या लोकप्रिय लहान मोटारीचे माप टोकियोत ठरले होते. १९८६ साली ८०० चे रूप बदलले. नवी गाडी बंपरांसह ३.३३५ मीटर लांब आणि १.४४ मीटर रुंद झाली. त्यानंतर १८ जानेवारी २०१४ रोजी तिचे उत्पादन थांबेपर्यंत ते माप जवळपास तसेच राहिले.

येथे जपानची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांची पट्टीही वाढत गेलीच. १९९० साली ती ३.३० मीटर आणि ६६० सीसी झाली, १९९८ साली ३.४० मीटर लांबी व १.४८ मीटर रुंदी झाली. अपघातात आतल्या माणसांचे रक्षण व्हावे हे शेवटच्या वाढीचे मुख्य कारण. परंतु त्यांच्या पट्टीला लांबी होती तशी रुंदी होती, उंची होती आणि एंजिनाची मर्यादाही होती. शिवाय १९६२ च्या एका कायद्याने मोटार ठेवण्यास स्वतःची जागा असल्याचा दाखला देणे तेथे आवश्यक झाले, आणि केई मोटारींना त्या बाबतीत सवलत मिळाली. म्हणजे लहान मोटार कशासाठी हवी, तर गल्लीत मावावी म्हणून, हे त्या कायद्यास ठाऊक होते.

आता पुन्हा गुडगावास येऊ. ८०० जागच्या जागी राहिली, पण तिच्या वर नव्या पायऱ्या बांधल्या गेल्या. १९९३ साली 'झेन', १९९९ च्या अखेरीस 'वॅगनआर', २००० साली 'आल्टो' आणि २००५ साली 'स्विफ्ट'. पहिल्या तिघींवर जपानच्या पट्टीची छाया होती. स्विफ्ट मात्र जगाच्या बाजारासाठी बेतलेली, लांबी ३.६९५ मीटर, रुंदी १.६९ मीटर. ८०० पेक्षा ती पंचवीस सेंटिमीटर रुंद होती. तरीही लोक तिला लहान मोटारच म्हणत, कारण ती मागून आखूड दिसे.

अशा वेळी दिल्लीने आपली पट्टी काढली. २८ फेब्रुवारी २००६ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. लहान कोणती, याची व्याख्या करणे अर्थातच प्राप्त झाले. लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, आणि एंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत. २००८ च्या अर्थसंकल्पात हेच शुल्क १२ टक्के झाले. मोठ्या मोटारींवरील २४ टक्के कायम राहिले. व्याख्येत रुंदी नव्हती, उंची नव्हती, वजन नव्हते. वाचकांनी आता त्या फियाटचे आकडे आठवावेत. ३.९३ मीटर, १०८९ सीसी. ज्या गाडीत आमच्या वडीलधाऱ्यांनी लग्नाची वरात काढली, जी मुंबईची टॅक्सी म्हणून अर्धशतक गाजली, ती या नव्या व्याख्येने 'लहान' ठरली असती! सरकारने लहान मोटारीस सवलत दिली असे वाटले. प्रत्यक्षात लहान या शब्दाचाच अर्थ मोठा झाला होता.

पुढे जे घडले ते पाहून 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आठवल्यावाचून राहत नाही. २००८ साली पुण्याच्या टाटा मोटर्सने 'इंडिगो'ची शेपूट छाटून ३.९८८ मीटरांची आवृत्ती आणली. त्याच वर्षी मारुतीने 'डिझायर' आणली होती ती ४.१६ मीटरांची. २०१२ साली तिची नवी पिढी आली तेव्हा लांबी झाली ३.९९५ मीटर. या साडेसोळा सेंटिमीटरांचा भुर्दंड कोणावर पडला? प्रवाशांवर नाही, पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर उलट २.३९ मीटरांवरून २.४३ मीटर झाले. भुर्दंड पडला डिकीवर. तिची जागा ४४० लिटरांवरून ३१६ लिटरांवर आली. २०१७ साली पुन्हा रूप बदलले. लांबी तीच, ३.९९५ मीटर, पण रुंदी १.६९५ वरून १.७३५ मीटर झाली आणि चाकांमधील अंतर आणखी दोन सेंटिमीटरांनी वाढले. २०२४ च्या पिढीतही लांबी ३.९९५ मीटरच. अंथरुणाची लांबी सरकारने ठरविली होती. पाय आडवे पसरण्यास कोणी मनाई केलेली नव्हती.

२०१६ साली मारुतीची 'ब्रेझा' डिझेल एंजिनासह आली. तिचीही लांबी ३.९९५ मीटर, मात्र रुंदी १.७९ मीटर आणि उंची १.६४ मीटर. जमिनीवर किती जागा व्यापली याचा हिशोब केला, तर ८०० ची सुमारे ४.८ चौरस मीटर येते आणि ब्रेझाची सुमारे ७.१५. म्हणजे जवळजवळ दीडपट. करखात्याच्या दृष्टीने दोघीही चार मीटरांच्या आतल्या! आमच्या शेजाऱ्यांचे झाड आणि भिंत यांच्यामधील अंतर लांबीत मोजले जात नाही, रुंदीत मोजले जाते. आणि त्या दिशेला सरकारची पट्टी कधी फिरलीच नव्हती. वॅगनआरचेच पाहा. २०१० च्या पिढीपर्यंत तिची रुंदी १.४७५ मीटर, म्हणजे जपानी मर्यादेच्या आत होती. २०१९ साली ती एकदम १.६२ मीटर झाली. जपानची पट्टी सुटली आणि आमच्या पट्टीला रुंदी नव्हती.

येथे एका गोष्टीची नोंद न करणे अन्यायाचे होईल. ही सारी वाढ केवळ हौसेची नाही. नव्या नमुन्यांसाठी १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून चालू असलेल्यांसाठी १ ऑक्टोबर २०१९ पासून आपल्या देशात टकरीची परीक्षा सक्तीची झाली. समोरून ताशी ५६ किलोमीटरांची टक्कर आणि बाजूने ५० किलोमीटरांची टक्कर सोसली पाहिजे. समोरची टक्कर सोसावयाची तर नाकाशी चेपण्यास मोकळी जागा हवी. बाजूची सोसावयाची तर दारे जाड हवीत. दारे जाड झाली आणि आतली जागा कमी करावयाची नसेल, तर गाडी रुंद होणे ओघानेच आले. पादचाऱ्याचे डोके आदळले तर त्यास एंजिनाचा कठीण भाग लागू नये म्हणून पुढचे झाकणही उंच करावे लागते. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ हे धुराचे कडक मानक आले. त्यानेही सामग्री आणि किंमत वाढली. आमच्या ओळखीच्यांत असे कोणी नसेल ज्याच्या घरातले माणूस रस्त्यावर दगावले वा जायबंदी झाले नाही. तेव्हा या कायद्यांबद्दल तक्रार करण्यास आमची जीभ उचलत नाही. शिवाय मोठे म्हणजे जड असेच काही नाही. २०१९ ची वॅगनआर रुंद झाली, पण नव्या सांगाड्यामुळे तिचे वजन आधीपेक्षा घटले. सुरक्षिततेने सेंटिमीटर मागितले हे खरे; मात्र ३.९९५ हा आकडा सुरक्षिततेने मागितलेला नव्हता. तो करपत्रकाने दिलेला होता.

आता या इतिहासात हानी कोणाची झाली ते पाहू. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानात टाटांनी 'नॅनो' दाखविली. स्कूटरवर पती, पत्नी आणि दोन मुले जाताना पाहून ही कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. लांबी ३.०९९ मीटर, एंजिन ६२४ सीसी. 'सर्वांत स्वस्त' या बिरुदानेच तिचा घात केला असे पुढे म्हटले गेले, कारण स्वस्त म्हणून मिरविण्यासाठी कोणी मोटार घेत नाही. २०१५ साली तिचेही रूप बदलले, आणि काय आश्चर्य! ती ३.१६४ मीटर झाली. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. ८०० त्यापूर्वीच गेली होती. आल्टोने मात्र २०१२ साली उलटी वाट धरून पाहिली. '८००' हे जुने आकडे नावात घेऊन ती ३.४९५ मीटरांवरून ३.३९५ मीटर झाली. या कहाणीत एवढाच एक अपवाद आम्हांस ठळकपणे दिसला. तीही २०२३ साली बंद झाली; आणि २०२२ मध्ये आलेली तिची थोरली बहीण 'के-१०' ३.५३ मीटरांची आहे.

याचा अर्थ असा की शिडी वर वाढत गेली, पण तळाच्या पायऱ्या एकेक करून निखळल्या. चार मीटरांच्या रेषेखाली कराच्या दृष्टीने सर्व सारखेच. साडेतीन मीटरांच्या गाडीस ३.९९५ मीटरांच्या गाडीहून कमी कर असता, तर कदाचित कोणी त्या पायरीवर थांबले असते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही उपकरासाठी हीच रेषा कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील कर १८ टक्के झाला आणि मोठ्यांवर ४० टक्के. रेषा तीच, ४००० मिलिमीटरांची. दोन्ही बाजूंतील दरी मात्र अधिक रुंद. लहानशी आल्टो आणि लांब डिकीची डिझायर यांस एकच दर.

वेतनश्रेणीची कमाल मर्यादा ठरली की यथावकाश सर्व त्या मर्यादेस येऊन ठेपतात, हे आम्हां सरकारी नोकरांस सांगावयास नको. प्रवासभत्त्याची मर्यादा अमुक इतकी ठरली, तर देयके त्याच आकड्याच्या आसपास घोटाळतात. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. मर्यादा ही जणू आमंत्रण बनते. मोटारींचेही तसेच झाले. कारखान्यांनी कायदा मोडला नाही, अधिकाऱ्यांनी चुकीचे टिपण लिहिले नाही. ज्या परिमाणावर सवलत मिळते तेवढेच परिमाण राखले गेले आणि उरलेली सर्व परिमाणे मोकळी सुटली. लहानपणा राखावा असे सरकारच्या मनात असेल, तर रुंदी आणि वजन यांनाही त्या पट्टीत स्थान द्यावे लागेल, आणि एका रेषेऐवजी दोन-तीन पायऱ्या कराव्या लागतील. केवळ महसूल हवा असेल, तर आहे ते ठीक आहे. पण मग त्या वर्गास 'लहान' म्हणण्याचा आग्रह सोडावा.

हिवाळ्याच्या पहाटे रिंग रोडवर दाट धुक्यात अजून स्कूटरी जाताना दिसतात. पुढे शालेचा बुरखा घेतलेला पुरुष, मागे स्त्री, मध्ये दाबून बसविलेले मूल. ज्यांच्यासाठी १९६० ची समिती बसली, ज्यांच्यासाठी गुडगावचा कारखाना निघाला आणि ज्यांच्यासाठी नॅनो जन्मली, ती माणसे हीच. लहान मोटार वाढत वाढत त्यांच्या हातापासून दूर गेली, आणि आमच्या गल्लीतही तिला जागा पुरेनाशी झाली. शेजारचे गृहस्थ आता रोज सकाळी पलीकडच्या दाराने आत शिरतात आणि आसनावरून सरकत सुकाणूशी येतात. कडुनिंब तोडण्याचा विषय एकदा निघाला होता. त्यांनीच तो मोडून काढला. झाड वाढलेले नाही, हे त्यांना ठाऊक आहे.